ऑपरेशन झाले, पुढची राखण घरच्यांची



या सदरात आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि बाजारभाव यांविषयी बोलत असतो. आज विषय वेगळा आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांना होणारा काचबिंदू, त्यावरचे ऑपरेशन आणि ऑपरेशननंतर घरी करावयाची शुश्रूषा, याविषयी लिहावयाचे आहे. मी शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधाचे नाव मी सांगणार नाही आणि आपणही ते माझ्याकडून घेऊ नये. परंतु वाडीवर गेले की झाडाबरोबर घरही दिसते. गेल्या काही महिन्यांत डहाणू तालुक्यातल्या चिखले गावी एका घरात जे पाहिले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्या घरापर्यंत पोचावे असे वाटले.

काचबिंदू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साठीचे आजोबा येतात. पण काही बाळे जन्मतःच हा विकार घेऊन येतात. पाश्चात्त्य देशांत सुमारे दहा हजार जन्मांत एका बाळाला तो होतो. आपल्याकडे आंध्र प्रदेशात झालेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे तेहतीसशे जन्मांत एक असे निघाले. म्हणजे आजार विरळा आहे, पण आपल्याकडे तितकासा विरळा नाही.

हा होतो कसा? भाताच्या खाचराचे उदाहरण घ्या. खाचरात पाणी येत राहते आणि जादा झालेले बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते. तोंड बुजले तर पाणी तुंबते आणि बांधावर ताण येतो. डोळ्याच्या आतही एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. बुबुळाच्या कडेला चाळणीसारखी बारीक जागा असते, तिच्यातून ते बाहेर पडून रक्तात मिसळते. या बाळांमध्ये ती चाळणी पोटात असतानाच नीट घडलेली नसते. पाणी तुंबते, डोळ्यातला दाब वाढतो आणि मागे मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस दाबली जाऊ लागते. त्या नसेचे जे तंतू मेले ते पुन्हा जिवंत होत नाहीत.

मोठ्या माणसाच्या डोळ्याचे कवच टणक असते, म्हणून दाब वाढला तरी डोळा बाहेरून तसाच दिसतो. तान्ह्या बाळाचे कवच कोवळे असते. ते ताणले जाते आणि डोळा मोठा होत जातो. आपली सारी फसगत इथेच होते. जुन्या वैद्यकाने या विकाराला बैलाच्या डोळ्यावरून नाव दिले आहे. बैलजोडी पारखताना टपोरा डोळा आपण चांगला मानतो आणि बाळाचे डोळे टपोरे असले तर त्याहून कौतुक करतो. हरणासारखे डोळे आहेत, म्हणून गालाला तीट लावतो. नवजात बाळाच्या बुबुळाचा काळा गोल साधारण दहा मिलिमीटर रुंद असतो. वर्षाच्या आतच तो बारा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा दिसू लागला, तर ते कौतुकाचे लक्षण नव्हे, दाखवण्याचे लक्षण आहे. एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसत असेल तर तेही तसेच.

याबरोबर आणखी तीन खुणा असतात. बाळ उजेडाला भिते, अंगणात नेले की तोंड फिरवून आईच्या खांद्यात खुपसते. डोळे घट्ट मिटून घेते. आणि डोळ्यांतून सारखे पाणी गळते. हे आतले तुंबलेले पाणी नव्हे. ती वाट वेगळी, अश्रूंची वाट वेगळी. दाबाने वरचे पारदर्शक पटल दुखावते, म्हणून आसवे येतात. पुढे ते पटल सुजते आणि काळा गोल निळसर, धुरकट, दुधी दिसू लागतो. तेव्हा घरचे म्हणतात, बाळाच्या डोळ्यात फूल पडले.

तान्ह्या बाळाच्या डोळ्याला पाणी येण्याचे नेहमीचे कारण निराळे असते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर घरोघरी धसका बसायचा. पुष्कळ बाळांची आसवांची नळी काही महिने बंद असते. त्यात पाणी येते, चिपडे धरतात, पण बाळ उजेडाकडे मजेत पाहते आणि काळा गोल स्वच्छ असतो. बहुतेकांची नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. मात्र यातले काय आहे, हे ठरवायचे काम शेजारणीचे नाही, मेडिकलवाल्याचे नाही आणि माझेही नाही.

चिखल्याच्या त्या घरी मी गेलो होतो तो चिकूचे बी पोखरणाऱ्या अळीचे काम पाहायला. समुद्राच्या अंगाला थोडी चिकूची वाडी आणि मागे भाताची शेती, असे हे घर. मुलगा झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांचे कौतुक साऱ्या आळीने केले. दोन महिन्यांनी डोळे गळू लागले. कोणी आईचे दूध पिळून घालायला सांगितले, कोणी मध सांगितला, कोणी काजळ. कोणाच्या तरी घरी उरलेली थेंबांची बाटली होती, तीही आली. सुदैवाने आजीने ती घालू दिली नाही. साडेतीन महिन्यांच्या लसीला आशाताईंनी बाळाला हातात घेतले, तर ते खिडकीकडे तोंड करीना. त्यांनी डोळे निरखले आणि म्हणाल्या, "वहिनी, हे नुसते पाणी येणे नाही हो. उद्याच डहाणूला दाखवा."

त्या उरलेल्या बाटलीविषयी दोन शब्द. लाल डोळ्यावर पटकन आराम देणाऱ्या पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते आठवडेच्या आठवडे घातले तर चांगल्या डोळ्यातसुद्धा दाब वाढू शकतो. मोठ्या माणसाच्या काचबिंदूचे काही थेंब तान्ह्या बाळाला घातले तर त्याला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. आजोबांची बाटली नातवाला चालत नाही. पिकावरचे औषध आपण एकाचे दुसऱ्याला मारत नाही, मग हे तर बाळ आहे.

डहाणूहून त्यांना मुंबईला पाठवले. आपल्या भागातून मुंबई आता पूर्वीइतकी दूर नाही. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते. भायखळ्याचे सर जे. जे. रुग्णालय, परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि परळचेच हाजी बचूअली नेत्र रुग्णालय ही नावे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. परळला जायचे तर प्रभादेवीला उतरावे, जे. जे. साठी मुंबई सेंट्रलहून बस किंवा टॅक्सी मिळते. मराठवाड्यातल्या वाचकांना हैदराबाद जवळ पडते. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉ. अनिल मंडल यांनी बाळांच्या काचबिंदूवर केलेल्या कामाबद्दल त्यांना २००३ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बाळाच्या जन्माचा दाखला बरोबर ठेवावा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. बाळाचे नाव अजून रेशनकार्डावर नाही म्हणून घरी थांबू नये.

या विकारावर मुख्य इलाज ऑपरेशनच. थेंब देतात ते बहुधा ऑपरेशन होईपर्यंत दाब आवरण्यासाठी, किंवा नंतर जोडीला. १९३८ साली अमेरिकेत डॉ. ओटो बारकन यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातली ती न घडलेली चाळणी बारीक पात्याने उघडण्याची रीत नीट बसवली. त्याआधी या बाळांपैकी बहुतेकांच्या नशिबी आंधळेपणच असे. त्या रीतीसाठी पटल स्वच्छ हवे, आतले दिसायला हवे. आपल्याकडे बाळे उशिरा येतात, पटल दुधी झालेले असते, म्हणून बाहेरच्या बाजूने वाट मोकळी करण्याची आणि जोडीला पाण्याला नवी वाट काढून देण्याची रीत पुष्कळदा वापरतात. बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीआधी पोट रिकामे लागते, अंगावरचे दूध साधारण चार तास आधी आणि वरचे दूध सहा तास आधी बंद करतात. वेळ रुग्णालय सांगेल तीच खरी. बाळ रडते म्हणून आजीने गुपचूप चमचाभर दूध पाजणे ही माया नव्हे. भुलीत उलटी होऊन ते दूध छातीत गेले तर जिवावर बेतते.

चिखल्याच्या बाळाचे दोन्ही डोळे काही दिवसांच्या अंतराने झाले. घरी आले तेव्हा भेटायला गर्दी झाली. ऑपरेशन झाले, सुटलो, असे सर्वांनाच वाटले. इथेच माझे सांगणे आहे. भात पेरले म्हणजे पदरात पडले असे आपण म्हणत नाही. पुढे आवणी आहे, बेणणी आहे, राखण आहे. या ऑपरेशनचेही तसेच आहे. डॉक्टरांनी पाण्याची वाट मोकळी केली. ती मोकळी राहते की नाही, हे पाहणे आणि बाळाला बघायला शिकवणे हे काम पुढे कित्येक वर्षे चालते, आणि त्यातले निम्मे घरात होते.

पहिले पंधरा दिवस आणि महिना फार जपायचा असतो. डोळा थोडा लाल असतो, थोडे पाणी येते, त्याने घाबरू नये. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी चिकटपट्टीने लावायला देतात, ती लावावीच. बाळाचा हात डोळ्याकडे जातो, म्हणून हातांत मऊ सुती मोजे घालावेत. मोठ्या भावंडाला बाळाला उचलू देऊ नये, बोट कुठे लागेल याचा नेम नाही. आंघोळ गळ्याखालूनच घालावी, तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. चुलीचा धूर, भात वारवतानाची कुसे, किनाऱ्यावरची उडती वाळू यांपासून बाळ दूर ठेवावे. त्या घरच्यांनी झोडणीच्या दिवसांत आई आणि बाळाला मामाकडे पाठवले होते. हे मला फार आवडले. नाहीतर झोडणीला माणूस कमी पडतो म्हणून सून लगेच खळ्यावर, असेच पुष्कळ घरी होते. काजळ, मध, दूध, तेल यांतले काहीही डोळ्यात जाता कामा नये. भगताला नारळ द्यायचा असेल तर द्या, पण त्याची राख डोळ्यापर्यंत येऊ देऊ नका.

थेंब घालणे हे सर्वांत मोठे काम. ऑपरेशननंतर दोन-तीन प्रकारचे थेंब असतात. एक दिवसातून चारदा, दुसरा सहादा, मग दर आठवड्याला कमी कमी करत न्यायचा. ध्यानात राहत नाही. या घरातल्या आत्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले आणि बाटल्यांना लाल, हिरवा, निळा दोरा बांधला. थेंब घातला की रकान्यात काडी ओढायची. आजीला वाचता येत नाही, पण दोऱ्याचा रंग कळतो आणि काडी ओढता येते. आमच्या खात्याचे फवारणीचे तक्तेसुद्धा इतके नीट भरलेले मी पाहिले नाहीत.

घालण्याची रीत अशी. आधी हात साबणाने धुवावेत. बाळाला उताणे, मांडीवर डोके धरून निजवावे. रडून डोळे मिटलेच असतील तर नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडावा, डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. नंतर त्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच मिनिटभर दाब ठेवावा, म्हणजे औषध नाकात उतरून अंगात जात नाही. बाळाच्या डोळ्यावर मात्र कधीही दाब देऊ नये. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन नेते. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागू देऊ नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि महिन्याने उरले तरी फेकून द्यावे. आणि बरे वाटते म्हणून स्वतःच थेंब बंद करू नयेत.

काही खुणा दिसल्या तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे. लाली वाढणे, पापणी सुजणे, पू येणे, बाळाने दूध तोडणे, उलट्या होणे, समजूत न पटणारे रडणे, स्वच्छ होऊ लागलेला गोल पुन्हा दुधी होणे, उजेडाची भीती परत येणे. ज्या डोळ्यात पाण्याला नवी वाट काढून दिलेली असते, त्याला वरच्या पापणीखाली पाण्याचा बारीक फुगवटा राहतो. त्यातून आत जंतू शिरण्याचा धोका पुढे मोठेपणीही असतो. अशा मुलाचा डोळा विसाव्या वर्षी लाल झाला तरी त्याने त्याच दिवशी दाखवले पाहिजे. हे आईबापांनी मुलाला कळत्या वयात सांगून ठेवावे.

आता गुण किती येतो? दाब उतरला की पटलावरची सूज आठवड्यांत, कधी महिन्यांत ओसरते आणि दुधी रंग विरळ होतो. चिखल्याला महिना उलटल्यावर मी गेलो, तेव्हा बाळ पडवीत पाळण्यात होते. वर दोरीला लाल फडके बांधलेले होते, वाऱ्याने हलत होते आणि बाळ त्याच्याकडे टक लावून पाहत होते. आई म्हणाली, "साहेब, आता दुपारीसुद्धा डोळे उघडे ठेवतो. मला बघून हसतो." इतके दिवस उजेड टोचत होता म्हणून मिटलेले डोळे आता उघडले, एवढे त्या घराला पुरेसे होते.

पण सगळे भरून येत नाही, हेही खरे सांगितले पाहिजे. मोठा झालेला डोळा लहान होत नाही. पटलाच्या आतल्या पडद्याला ताणाने चिरा गेलेल्या असतात, त्यांच्या रेघा राहतात. म्हणून पुष्कळ मुलांना लवकर चष्मा लागतो, कधी वर्षाच्या आतसुद्धा. तान्ह्याला कसला चष्मा म्हणून हसू नये. दृष्टी ही डोळ्याइतकीच मेंदूत घडते. पहिल्या काही वर्षांत मेंदूला स्पष्ट चित्र मिळाले नाही, तर पुढे डोळा चांगला असूनही तो पाहायला शिकत नाही. एक डोळा कमजोर असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगतात, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावेच लागते. मूल पट्टी ओढते, रडते, शेजारी म्हणतात, चांगला डोळा का बांधता? उत्तर देऊन मोकळे व्हावे आणि पट्टी सोडू नये.

आणि दाब? तो पुन्हा वाढू शकतो. पुष्कळ बाळांना एका ऑपरेशनने गुण येतो, पण काहींना दुसरे लागते, तिसरेही लागते. तसे झाले तर डॉक्टर चुकले किंवा पैसे बुडाले असे समजू नये. दाब वाढल्याचे बाहेरून कळतेच असे नाही, म्हणून तारखेला जाणे चुकवू नये. पहिली तपासणी काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने. लहान मूल स्थिर बसत नाही, म्हणून सुरुवातीला तपासणीलाही भूल द्यावी लागते. चार-पाच वर्षांचे झाले की ते खुर्चीवर बसून तपासू देते. तपासणी मात्र जन्मभर सुटत नाही.

बहुतेक घरांत तारीख चुकते ती कामाच्या गर्दीत. ऐन आवणीला मुंबईची तारीख येते, किंवा चिकूचा तोडा असतो आणि वाडीत माणूस नसतो. मूल हसते-खेळते आहे, जाऊ पुढच्या महिन्यात, असे म्हणतात आणि ते वर्षावर जाते. माझे स्पष्ट मत आहे की आवणी दोन दिवस मागे गेली तर गुंठ्यामागे किती घट येईल हे मी हिशेब करून सांगू शकतो. नसेची घट मोजायला गेलो तर ती परत न येणारी निघते. तारीख अगदीच जुळत नसेल तर रुग्णालयाला आधी फोन करून दुसरी मागावी, पण ती त्याच महिन्यातली असावी.

आपल्या भागासाठी एक सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरहूनच. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत मुले तपासायला येतात. ते यायच्या दिवशी बाळाला शेतावर नेऊ नये. पण अंगणवाडीच्या तपासणीची वाट पाहत तीन महिने घरी बसणे हेही बरोबर नाही. खुणा दिसल्या तर आशाताईंना आजच गाठावे.

राहिली एक गोष्ट, जी घरात बोलायला अवघड जाते. या विकाराचे दोष पुष्कळदा आई आणि बाप दोघांकडून मिळून येतात. त्या दोघांचे डोळे अगदी चांगले असतात, दोष फक्त अंगात दडलेला असतो. १९९७ साली यामागचे एक जनुक शास्त्रज्ञांनी शोधून काढले. दोघांकडे तो दोष असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक इतका धोका असतो. जवळच्या नात्यातल्या लग्नात, मामेभाऊ-आतेबहिणीच्या लग्नात, दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. तेव्हा सुनेच्या पायगुणाला किंवा ग्रहणाला दोष देणाऱ्यांनी हे वाचून घ्यावे. ग्रहणात विळा धरला म्हणून बाळाची चाळणी बंद होत नाही.

चिखल्याच्या त्या बाळाला मोठी बहीण आहे, चार वर्षांची. तिचेही डोळे तपासून घेतले, ठीक निघाले. पुढे घरात बाळ झालेच, तर ते जन्मल्याबरोबर पहिल्या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचे, असे रुग्णालयाने केसपेपरवर लिहून दिले आहे. आजीने तो केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पावसाचे पाणी लागू नये म्हणून, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवला आहे. पुढची तारीख आवणीतच येते. शेजारच्या दोघांशी पडकईची बोलणी आताच झाली आहेत. आई आणि बाप बाळाला घेऊन पहाटेच्या लोकलने जाणार, आणि त्या दिवशी त्यांच्या खाचरात शेजारी उतरणार.